पत्रपेटीवर नाव लावा: नाशिकहून जर्मनीला निघालेल्यांसाठी पहिले तीन महिने

जर्मनीत नवीन घरात पोचलात की बॅग उघडायच्या आधी एक काम करा, खाली पत्रपेटीवर आणि बेलच्या बटणाशेजारी स्वतःचं आडनाव लावा. कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने लिहून सेलोटेपने चिकटवलं तरी चालतं. मी हे केलं नव्हतं. श्टुटगार्टला गेले तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, म्हटलं घरमालक बदलेल सावकाश, आणि तीन आठवडे झाले तरी बँकेचं कार्ड येईना, टॅक्सचा नंबर येईना, इन्शुरन्सचं कार्ड येईना. मग कळलं की सगळी पत्रं आली होती आणि नाव नाही म्हणून परत गेली होती. तिथे बहुतेक बिल्डिंगमध्ये पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच, रस्त्याचं नाव, बिल्डिंगचा नंबर आणि आडनाव, बस. आपल्याकडे इंदिरानगरला पत्त्यात चूक असली तरी खालचा दुकानदार सांगतो "अहो ते तिसऱ्या मजल्यावरचे", आणि पत्र पोचतं. तिथे पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे राहत नाही.

सात वर्षं तिकडे काढून मी आता परत नाशिकला आलेय आणि गेल्या वर्षभरात ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली बरीच मुलंमुली विचारायला येतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधले इंजिनिअर आधीपासून जायचेच, पण २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून नर्सिंगवाली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी मुलंही विचारायला लागलीत. श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी, म्हणून माझं बरंचसं सांगणं तिथलं आहे, पण कायदे देशभर जवळपास सारखेच. सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो सामान किती किलो न्यायचं. तो शेवटचा प्रश्न आहे खरं तर.

निघायच्या आधी, इथे नाशिकमध्येच

पासपोर्ट उघडा आणि नाव बघा. आपल्याकडे गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन ऑफिसात ती दोन्ही तुमचीच नावं धरली जातात, मग बँक कार्डावर, इन्शुरन्सवर, सगळीकडे तसंच लांबलचक येतं. त्यात चूक काही नाही पण मग प्रत्येक फॉर्मवर अगदी पासपोर्टसारखंच लिहा, एका ठिकाणी छोटं आणि एका ठिकाणी पूर्ण असं करू नका. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे त्यांनी जायच्या आधी ते दुरुस्त करून घ्याच, तिथे गेल्यावर हा फार मोठा मनस्ताप होतो.

जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला मनपाच्या विभागीय कार्यालयातून नवीन काढून घ्या. जुन्या जन्मदाखल्यांवर कितीतरी वेळा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं, ते नाव चढवायला वेळ लागतो म्हणून व्हिसाची तारीख मिळायची वाट बघू नका. लग्नाचा दाखला नसेल तर तिथे तुमची नोंद विवाहित म्हणून व्हायला अडचण येते आणि त्यावर टॅक्स क्लास अवलंबून असतो, म्हणजे दर महिन्याच्या हातात येणाऱ्या पगाराचा प्रश्न आहे.

बँकेत जाऊन सांगा की परदेशी राहायला चाललोय, साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यावं लागतं. आणि भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, सगळे ओटीपी त्यावर येतात, निघायच्या आधी रोमिंग चालू करा आणि बारीकसा रिचार्ज सुरू ठेवा. आईवडिलांच्या नावाने काही व्यवहार अडकणार असतील, फ्लॅट, शेती, काहीही, तर मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा, परदेशातून तेच काम वकिलातीतून करावं लागतं आणि श्टुटगार्टकरांना त्यासाठी म्युनिकच्या कॉन्सुलेटला जावं लागतं.

भाषेचं. इथे बसून जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पातळी, तरी करा. ऑफिसात इंग्लिश चालेल असं कंपनी सांगते आणि ते खरंही असतं, पण घरमालक, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, शाळेतली बाई, नगरपालिकेतला माणूस यांच्याशी इंग्लिशने भागत नाही. व्याकरण कच्चं असलं तरी चालेल, आकडे आणि वेळ पाठ करा. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना "सात आणि चाळीस" असं म्हणतात, आपल्यासारखंच आधी सात. इंग्लिशवाल्यांना हे अवघड जातं, मराठी माणसाला जायला नको, पण आपण डोक्यात इंग्लिशमधून भाषांतर करत बसतो म्हणून गोंधळतो. थेट मराठीतून जर्मन शिका, तू आणि तुम्ही पण तसंच आहे तिथे, "दू" आणि "झी". अनोळखी मोठ्या माणसाला "झी" म्हणजे अहो-जाहो, समोरचा म्हणेपर्यंत अरे-तुरेवर यायचं नाही. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

सामान

थोडक्यात सांगते. साजूक तूप, पेढे, खवा, पनीर, मांसाचं काहीही, हे युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही. आंबे, द्राक्षं, ताजा कढीपत्ता पण नको. चिवडा, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, सुकी लाल मिरची खुशाल न्या. तुपाचं वाईट वाटून घेऊ नका, तिथलं बिनमिठाचं लोणी इतकं छान असतं की दोन पाकिटं मंद गॅसवर कढवली, म्हणजे शेगडीवर, की घरच्यासारखं रवाळ तूप होतं.

कुकर न्या पण स्टीलचा, इंडक्शन बुडाचा. ॲल्युमिनियमचा हॉकिन्स काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीवर कसाबसा चालतो, इंडक्शनवर अजिबात नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, मिक्सर चालेल, फक्त आपली तीन पिनची गोल पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, दोन-तीन ॲडॅप्टर इथूनच घ्या. चष्म्याच्या दोन जोड्या करून न्या, दातांची कामं उरकून घ्या. चालू औषधं असतील तर स्वतःपुरती, तीन महिन्यांची, डॉक्टरची इंग्लिश चिठ्ठी सोबत.

जाड जॅकेट इथून घेऊ नका. नाशिकची थंडी आपल्याला माहीत आहे, निफाडचा पारा पेपरात येतो, पण आपली थंडी घरात पण असते, तिथली बाहेर असते आणि आत हिटर. म्हणून आत पातळ टीशर्ट, मधे स्वेटर, वर वारा न शिरणारं जॅकेट असं काढता-घालता येणारं हवं, आणि ते तिथे चांगलं मिळतं. पैसे खर्च करायचे तर बुटांवर करा, पाऊस आणि बर्फाच्या चिखलात पाय कोरडे राहिले तर माणूस टिकतो.

पहिले दोन आठवडे: कागदांची साखळी

इथे नीट लक्ष द्या, कारण एक कडी निसटली की पुढची सगळी अडते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. ती होते नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, श्टुटगार्टमध्ये त्याला बुर्गरब्युरो म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं एक पत्र लागतं की ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालेल पण कागदावर लिहून ठेवा, कारण भाडेकरार आणि हे पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नुसता करार घेऊन गेलात तर परत पाठवतात. नाशिकमध्ये बसून पहिल्या महिन्यासाठी खोली बुक करताना घरमालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, नोंदणीचं पत्र देणार का. नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असो, सोडा. आणि घर न बघता, व्हिडिओ कॉलसुद्धा न करता, "मी लंडनला असतो, पैसे पाठवा, चावी कुरिअर करतो" असं कोणी म्हणालं तर तो फसवणारा आहे, यात आपली हुशार मुलंसुद्धा अडकलेली मी पाहिली आहेत.

मोठ्या शहरात नोंदणीची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून ती तिकीट कन्फर्म झाल्याबरोबर इथूनच ऑनलाइन बघायला लागा. सकाळी लवकर बघितलं तर कधी कधी रद्द झालेल्या वेळा दिसतात. तुम्ही प्रयत्न करत होतात हे दाखवायला ईमेल आणि स्क्रीनशॉट ठेवा.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्म विचारतात. पुष्कळ जण घाबरतात, काय लिहायचं. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंट लिहिलं तर पगारातून चर्च टॅक्स कापतात, बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बायर्न म्हणजे बव्हेरियामध्ये इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. हिंदूंना, बौद्धांना तो नाही. आपले ख्रिश्चन बांधव जाणार असतील त्यांनी मात्र हे समजून उमजून लिहावं.

नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांत पोस्टाने ११ आकडी टॅक्स नंबर येतो, श्टॉयर-आयडी, तो आयुष्यभर तोच. ऑफिसला तो वेळेवर दिला नाही तर पगारातून जास्तीचा टॅक्स कापला जाऊ शकतो, नंतर मिळतो परत, पण पहिल्याच महिन्यात डिपॉझिट भरायचं असतं तेव्हा ते पैसे फार जाणवतात. हा नंबर पोस्टाने येतो, म्हणून पत्रपेटी.

मग आरोग्य विमा. सरकारी पद्धतीच्या विम्याला क्रांकनकासे म्हणतात, पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जादा हप्ता, त्यातला अर्धा कंपनी भरते. कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं त्यात फुकट येतात, पण आपोआप नाही, फॉर्म भरावा लागतो. खाजगी विमा तरुण माणसाला स्वस्त पडतो म्हणून एजंट मागे लागतात. नंतर त्यातून परत सरकारीत येणं अवघड असतं आणि खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. कुटुंब आणायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, सरकारीच घ्या.

रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट पण याच दिवसांत मागून ठेवा, व्हिसाची तारीख संपायच्या आधी अर्ज आत गेलेला हवा.

आणि मग येतील पत्रं. त्यातलं एक सगळ्यांना येतं आणि सगळ्यांना खोटं वाटतं, टीव्ही-रेडिओची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. माझ्याकडे टीव्ही नाही म्हणून फेकू नका, ती घरामागे असते, टीव्ही असो नसो. एका घरात चार मित्र राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा. पिवळ्या पाकिटात पत्र आलं तर त्याच दिवशी उघडा, त्या पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात. मी एक साधी सवय लावली होती, घरात शिरताना पेटी उघडायची, फोनने फोटो काढून भाषांतर करायचं आणि एका फाईलीत लावायचं. सात वर्षांत तीन जाड फायली झाल्या आणि त्यातला एकही कागद वाया गेला नाही.

पक्कं घर

जाहिरातीत दोन भाडी असतात, कालट म्हणजे नुसती जागा आणि वार्म म्हणजे त्यात हिटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून, वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. वार्मचा आकडा अंदाजे असतो, वर्षाअखेर हिशोब होतो आणि जास्त वापर झाला तर फरक भरावा लागतो, म्हणून पहिल्या हिवाळ्यात थोडे पैसे बाजूला ठेवा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कालट भाड्याइतकं, आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा कायद्याने हक्क आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

धक्का बसेल अशी गोष्ट म्हणजे कितीतरी घरांना किचन नसतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून नळ आणि वायर बाहेर आलेले असतात, ओटा, सिंक, शेगडी सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत किचन आहे का हा शब्द शोधा, आणि आधीचा माणूस विकत असेल तर भाव करा. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा, खिडकीचा, नळाचा फोटो काढा आणि ओरखडे यादीत लिहून घ्या, सोडताना डिपॉझिट त्यावर ठरतं.

एक गोष्ट आपल्या स्वयंपाकाशी फार जवळची आहे. थंडीत खिडक्या बंद, आत कुकरची वाफ, फोडणी, त्यात हिटरवर वाळत घातलेले कपडे, आणि महिनाभरात भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. घरमालक म्हणतो तुमची चूक, आणि बऱ्याचदा ते मान्य करावं लागतं. उपाय ते लोक लहानपणापासून करतात, दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हिटर बंद करून, आणि परत बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं उलट वाईट, भिंती गार पडतात. आणि फोडणी करताना आतलं दार लावून घ्या, पॅसेजमध्ये स्मोक डिटेक्टर असतो, मिरचीच्या खाटाने तो वाजतो आणि सगळी बिल्डिंग गोळा होते.

रोजचं

रविवारी दुकानं बंद. सगळी. किराणा, मॉल, कपडे, हार्डवेअर. आपल्याला रविवार म्हणजे मेन रोडला खरेदी अशी सवय, तिथे शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-भाजी आणून ठेवायची. फार अडलं तर मोठ्या स्टेशनवरची दुकानं आणि सकाळी थोडा वेळ बेकरी. रविवारी ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायला जायचं नाही, रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता. इडलीचं पीठ वाटायचं तर रात्री दहाच्या आत.

कचरा. आपली घंटागाडी ओला-सुका मागते तेवढ्याने भागत नाही, तिथे ओला वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक-पत्र्याची पॅकिंग वेगळी, उरलेला वेगळा, काच तर पांढरी-तपकिरी-हिरवी अशी रंगाप्रमाणे वेगळी. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याला विचारून घ्या, कुठला डबा कुठल्या दिवशी. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या मात्र कचऱ्यात टाकू नका, बहुतेकांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की पावती मिळते.

श्टुटगार्टच्या भागात, म्हणजे श्वाबेन लोकांत, केअरवोखे नावाची पद्धत आहे. बिल्डिंगच्या जिन्याची, कधी समोरच्या फुटपाथची सफाई दर आठवड्याला एकेका घराकडे. दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली की समजायचं ह्या आठवड्याला आपला नंबर. माझ्या दाराला ती पाटी लागली तेव्हा मला वाटलं कोणीतरी चुकून लावली, मी काढून खाली ठेवली आणि दोन दिवस जिन्यात कोणी बोलेना. भाडेकरारात लिहिलेलं असतं हे, आणि मनापासून करा, कारण तिथे माणसाची पत त्याच्या जिन्यावरून ठरवणारी म्हातारी मंडळी अजून आहेत, आणि अडचणीत तीच धावून येतात.

ट्रेन-ट्रामला गेट नसतं, सरळ आत जाता येतं, म्हणून तिकीट लागत नाही असं नाही. साध्या वेशातले तपासनीस येतात आणि दंड ६० युरो. मेट्रो, लोकल, बस, देशभर सगळीकडे चालणारा एक महिन्याचा पास आहे, डॉइचलांडटिकेट, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. लांब पल्ल्याच्या आयसीई या वेगवान गाड्यांना तो चालत नाही. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

तब्येत. जीवावरचं असेल तर ११२. रात्री-अपरात्री ताप, पोट असं असेल तर ११६११७. बाकी सगळ्याला आधी फॅमिली डॉक्टर, आणि तो आजारी पडायच्या आधी शोधून ठेवायचा कारण कितीतरी दवाखाने नवीन पेशंट घेतच नाहीत. साध्या सर्दीला डॉक्टर गोळी देत नाही, चहा प्या आणि झोपा सांगतो, आपल्याला राग येतो. ऑफिसला मात्र सकाळीच कळवा की आजारी आहे, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त झालं तर डॉक्टरचा दाखला लागतो.

स्वयंपाकाला लागणारं सगळं मिळतं, फक्त कुठे ते कळायला वेळ जातो. तूरडाळ, पोहे, मटकी इंडियन दुकानात, पण कोथिंबीर, भेंडी, तिखट मिरच्या, छोले हे तुर्की दुकानात स्वस्त आणि ताजं, दह्यालाही तुर्की योगर्टच घ्या, जर्मन क्वार्क म्हणजे दही नाही. गव्हाच्या पिठावर नंबर असतात, ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, पोळ्यांना १०५० घ्या आणि त्यात थोडं ४०५चं बारीक पीठ मिसळा. हिवाळ्यात मटकीला मोड येत नाहीत, फडक्यात बांधून हिटरजवळ ठेवा, दुसऱ्या दिवशी मिसळ होते. शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय खाऊ नका, श्वाबेनचं बटाट्याचं सॅलड दिसायला साधं असतं पण बऱ्याच घरांत त्यात मांसाच्या, बहुधा बीफच्या सुपाचं पाणी घालतात.

घरी राहणाऱ्या माणसाचं

यावर मला जास्त बोलायचंय. नवरा किंवा बायको नोकरीवर जाते, तिला ऑफिस मिळतं, चार चेहरे मिळतात, आणि दुसरं माणूस घरात. डिसेंबरात श्टुटगार्टला सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधार. नाशिकला संध्याकाळी खाली उतरलं तरी चार बायका बोलायला असतात, भाजीवाला असतो. तिथे जिन्यात कोणी दिसत नाही. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आपल्याकडचीच एक मुलगी होती, चांगली शिकलेली, ती सहा महिने नवऱ्याशिवाय बसमध्ये बसली नव्हती, आणि तिचं नाव पेटीवरसुद्धा नव्हतं कारण तिने लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं आणि नवऱ्याला सुचलंच नाही. तिच्या नावाची पत्रं परत जात होती, अगदी माझ्यासारखीच.

म्हणून दोघं जात असाल तर पहिल्याच दिवशी पेटीवर दोन्ही आडनावं. पहिल्याच महिन्यात दुसऱ्या माणसाचं स्वतःचं बँक खातं, स्वतःचा पास, स्वतःचं लायब्ररी कार्ड. कुटुंब व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करायला पूर्ण परवानगी असते, हे कितीतरी जणींना तिथे जाऊन वर्षभराने कळतं. फोल्क्सहोखशूले म्हणून सरकारी मदतीवर चालणारी प्रौढ शाळा प्रत्येक शहरात असते, भाषेचे वर्ग स्वस्त असतात, तिथे सिरियाची, युक्रेनची, ब्राझीलची बायका-माणसं एकाच बाकावर चुकीचं जर्मन बोलत बसतात आणि त्यातूनच ओळखी होतात. मग एखादा फेराइन म्हणजे क्लब धरा, बॅडमिंटन, गाणं, बागकाम, काहीही. तिथली माणसं पार्टीत मैत्री करत नाहीत, दर मंगळवारी सात वाजता वर्षभर भेटून करतात.

मराठी मंडळं आहेत, गणपती बसतात, जरूर जा. फक्त तेवढ्यावरच राहू नका.

आईवडिलांच्या फोनची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचारचा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं आणि इथे आई अर्धा-एक तास काळजी करत बसते. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर इकडे संध्याकाळचा चहा चाललेला असतो, तीच वेळ बरी.

पहिला शनिवार

आपल्याकडे बिल्डिंगमध्ये नवीन कोणी आलं की शेजारचे चहा घेऊन येतात, काय लागलं तर सांगा म्हणतात. तिथे कोणी येणार नाही. आपण वाट बघतो, आठवडे जातात, आणि मग म्हणतो माणसं थंड आहेत. तिथली रीत उलटी आहे, नवीन आलेल्याने जायचं असतं. मला हे कळायला चार महिने लागले.

तर पहिल्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला निघा. दुपारी एक ते तीन नको, बरेच जण आराम करतात, आणि रविवारीही नको. एकेक बेल वाजवा आणि एवढंच म्हणा, "ग्र्यूस गॉट, इश बिन दी नॉये नाखबारिन", म्हणजे नमस्कार, मी नवीन शेजारीण, पुरुषाने "देअर नॉये नाखबार" म्हणायचं, आणि पुढे स्वतःचं आडनाव, हळू, दोनदा. आत बोलावतील असं नाही, दारातच दोन मिनिटं बोलणं होईल. सोबत छोट्या पाकिटात चिवडा न्या, कमी तिखट, आणि त्यात शेंगदाणे आहेत हे आधी सांगा, कोणाला ॲलर्जी असू शकते. शेंगदाण्याला "एर्डनुस" म्हणतात. कचऱ्याचे डबे आणि जिन्याची पाळी तिथेच विचारून घ्या. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला तेव्हा आत नेऊन त्यांच्या कपाटातून माझं एक पाकीट काढून दिलं होतं, पोस्टमन परत नेत होता ते त्यांनी अडवून ठेवलं होतं, आणि कोणाचं ते विचारायला माझ्याकडे यायचं की नाही याचा त्या चार महिने विचार करत होत्या.